सर्वांचें मैदान : सॅन फ्रॅन्सिस्कोचें हार्डिंग पार्क

गॉल्फचें नांव काढलें कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. कुंपणानें वेढलेली विस्तीर्ण हिरवळ, फाटकावर पहारेकरी, खांद्यावर काठ्यांची पिशवी घेऊन धन्याच्या मागून चालणारा पोऱ्या, आणि पुढें पांढरा चेंडू टोलवीत चाललेला कोणी साहेब किंवा साहेबी थाटाचा शेठ. हें चित्र अगदींच खोटें आहे असें नाहीं. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना गॉल्फ क्लब आपल्याच कलकत्त्यास १८२९ सालीं निघाला, आणि त्याची दारें एतद्देशीयांना दीर्घकाळ बंदच होतीं. परंतु या खेळाचें मूळ धुंडाळीत मागें मागें गेलें असतां शेवटीं जी भूमि लागते, ती कोणा श्रीमंताच्या मालकीची नसून आपल्या खेड्यांतील गायरानासारखी साऱ्या गांवाची आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज हें गांव आहे. गांव आणि समुद्र यांच्यामध्यें वाळूची, खुरट्या गवताची, नांगरटीस निरुपयोगी अशी एक पट्टी पसरलेली आहे. तेथें गांवकरी मेंढरें चारीत, जाळीं वाळवीत आणि चेंडू टोलवीत. १५५२ सालीं तेथील आर्चबिशप हॅमिल्टन यानें या जागेंत ससे पाळण्याची परवानगी नगराकडून घेतली. त्या सनदेंतच गांवकऱ्यांचा तेथें गॉल्फ खेळण्याचा हक्क लेखी मान्य झालेला आहे. पुढें नगरसभा कर्जबाजारी झाली आणि १७९७ सालीं ही जमीन ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातीं गेली. सशांनीं बिळें करून मैदानाची चाळण केली. १८२१ मध्यें जेम्स चीप नांवाच्या एका जमीनदारानें ती विकत घेऊन खेळासाठीं वांचविली, आणि १८९४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें ती पुन्हा नगराकडे आली. सार्वजनिक मैदानाची सारी जन्मकथा या एका उदाहरणांत सांपडते. जें सर्वांचें असतें तें सहज मिळतें, निष्काळजीपणानें जातें, आणि कोणीतरी जिवाचा आटापिटा केल्यावांचून परत येत नाहीं.

हीच कथा पुढें अमेरिकेंत, पॅसिफिक महासागराच्या कांठीं, सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत पुन्हा घडली. ती येथें सांगावयाची आहे.

अमेरिकेंत हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला तो श्रीमंतांच्या क्लबांतून. परंतु १८९५ सालींच न्यूयॉर्कच्या नगरसभेनें व्हॅन कॉर्टलँड पार्क या बागेंत कोणीही यावें व खेळावें असें पहिलें सार्वजनिक मैदान उघडलें. कारकून, दुकानदार, गवंडी, शाळामास्तर यांनाहि मोकळी हवा आणि खेळ हवा, आणि तो पुरविणें हें नगराचें काम आहे, हा विचार हळूहळू दुसऱ्या शहरांतून पसरला. सॅन फ्रॅन्सिस्कोनें तो लवकर उचलला.

या शहराचा पश्चिम भाग म्हणजे मूळची वाळूची टेकाडें. समुद्रावरून बारमाही वारा यावा आणि वाळू उडवीत न्यावी, अशी ती ओसाड भूमि. तेथें झाडें वाढविण्याचें काम ज्या माणसानें आपलें जीवितकार्य मानलें तो जॉन मॅकलॅरेन हा मूळचा स्कॉटलंडचा माळी. १८९० पासून १९४३ मध्यें मृत्यु येईपर्यंत तो शहराच्या बागांचा प्रमुख होता. वाळू बांधून धरणारें गवत आधीं, मग झुडपें, मग मोठीं झाडें, अशा क्रमानें गोल्डन गेट पार्क हें त्या शहराचें विस्तीर्ण उद्यान उभें राहिलें. कोंकणच्या किनाऱ्यावर सुरूचीं बनें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना वाळूवर झाड धरविणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. सॅन फ्रॅन्सिस्कोंत या कामीं विशेष उपयोगी पडलें तें माँटेरे सायप्रस नांवाचें झाड. फारशी काव्यांत ज्या सरूची उपमा वारंवार येते, त्याच्याच कुळांतलें हें झाड. परंतु बांधा सडपातळ नव्हे. खोड पिळवटलेलें, फांद्या आडव्या पसरलेल्या, आणि वर गर्द हिरव्या पानांचें सपाट छत्र. याचें मूळचें रान माँटेरेजवळच्या किनाऱ्यावर अवघ्या दोन लहानशा ठिकाणींच आहे; परंतु खाऱ्या वाऱ्याला तोंड देण्याची शक्ति असल्यामुळें तें साऱ्या किनाऱ्यावर लावलें गेलें.

शहराच्या नैर्ऋत्येस लेक मर्सेड नांवाचें एक सरोवर आहे. त्याच्या परिसराला इतिहासांत एक रक्ताचा डाग आहे. १८५९ सालच्या सप्टेंबरांत कॅलिफोर्नियाचा सीनेटर डेव्हिड ब्रॉडरिक आणि राज्याचा माजी सरन्यायाधीश डेव्हिड टेरी यांचें पिस्तुलांचें द्वंद्व याच सरोवराजवळ झालें. गुलामगिरीच्या प्रश्नावरून पक्षांत जी दुही माजली होती तिचा तो परिणाम. गुलामगिरीचा विरोधक ब्रॉडरिक जबर जखमी झाला व तीन दिवसांनीं मरण पावला. त्या सरोवराच्या कांठीं पुढें सहासष्ट वर्षांनीं नगरसभेनें आपल्या नागरिकांसाठीं मैदान घातलें.

त्याची आखणी विली वॉटसन या मूळच्या स्कॉटिश कारागिरानें सॅम व्हाइटिंग याच्या सहकार्यानें केली. सरोवराच्या पलीकडचा ऑलिंपिक क्लब हा नामांकित खासगी क्लब. त्याच्याहि मैदानाचे आखणीकार हेच दोघे. याचा अर्थ असा कीं, श्रीमंतांना जे हात लाभले तेच सामान्य नागरिकांनाहि लाभले. १९२३ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेचा अध्यक्ष वॉरन हार्डिंग हा सॅन फ्रॅन्सिस्को येथील पॅलेस हॉटेलांत मुक्कामास असतां अकस्मात् मरण पावला होता. राज्यकर्ता म्हणून इतिहासानें त्याला फारशी वरची जागा दिलेली नाहीं. परंतु गॉल्फचा त्याला अतोनात नाद होता. त्याचें नांव मैदानास देण्यांत आलें, आणि १९२५ च्या जुलैमध्यें हार्डिंग पार्क लोकांना खुलें झालें.

या मैदानांत खेळणें म्हणजे काय, हें खेळ न जाणणाऱ्यासहि थोडक्यांत सांगतां येईल. गोट्यांच्या खेळांतील गलीप्रमाणें जमिनींत लहानशी खांच असते. अशा अठरा खांचा मैलोगणती पसरलेल्या असतात, आणि चेंडू काठीनें टोलवीत क्रमानें प्रत्येकींत घालावयाचा असतो. ज्याचे टोले कमी तो जिंकला. हार्डिंग पार्कमध्यें प्रत्येक खांचेकडे जाणारी हिरवी वाट दोन्ही बाजूंनीं सायप्रसच्या रांगांनीं बंद केलेली आहे. सकाळीं समुद्रावरून धुकें येतें. पुढें गेलेल्या मंडळींचें नुसतें बोलणें ऐकूं येतें, माणसें दिसत नाहींत. झाडांवरून धुक्याचें पाणी टपटप गळत असतें, गवत ओलें असतें, आणि थंड जड हवेंत चेंडू इतर ठिकाणीं जातो तितका लांब जात नाहीं. सरळ मारणाऱ्यास वाट मोकळी आहे. परंतु टोला जरासा वांकडा गेला कीं चेंडू झाडाखालीं सांपडतो. वर फांद्यांचें छत, पुढें खोड. अशा वेळीं शहाणा खेळाडू शौर्य गाजवीत नाहीं. चेंडू आडवा, जमिनीसरसा मारून पुन्हा वाटेवर आणतो, एक टोला गमावल्याचें दुःख गिळतो आणि पुढें चालूं लागतो. घाईनें झाडांतून वाट काढूं पाहणाराचे एकाऐवजीं तीन टोले वायां जातात. खेळाचा पूर्वार्ध आंतल्या बाजूस संपतो. उत्तरार्ध सरोवराच्या कडेकडेनें जातो, आणि शेवटच्या, अठराव्या खांचेसाठीं पाण्याचा एक कोपराच ओलांडावा लागतो. किती धाडस करावें, पाण्यावरून किती तिरपें मारावें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. थकलेल्या माणसाची परीक्षा शेवटीं घ्यावी, हा आखणीकारांचा हिशेब.

या मैदानाचें वैभव मोठ्या बक्षिसांनीं वाढलें नाहीं, शहरवासीयांच्या स्पर्धेनें वाढलें. सॅन फ्रॅन्सिस्कोची नागरी अजिंक्यपदाची स्पर्धा १९१७ पासून चालत आली आहे. तेथील लोक तिला नुसतें ‘सिटी’ म्हणतात. पावसाळी थंडीच्या दिवसांत ती होते. न्यायाधीश आणि टॅक्सीवाला, डॉक्टर आणि दारूच्या गुत्त्यावरचा नोकर यांच्या जोड्या तींत लागतात, आणि एकदां जोडी लागली कीं हुद्दा विचारला जात नाहीं.

या मैदानानें घडविलेला सर्वांत नामांकित खेळाडू केन वेंचुरी. याचा जन्म १९३१ सालीं याच शहरांत झाला. त्याचे आईबाप हार्डिंग पार्कमधील खेळसामानाचें दुकान चालवीत. मुलगा जबर तोतरा होता. हा मुलगा नीट बोलूं लागणें कठीण, असें शाळेंतून आईला सांगण्यांत आलें. चारचौघांत बोलण्याची लाज वाटणाऱ्या त्या पोरानें एकट्यानें खेळण्याचा खेळ पत्करला. संध्याकाळीं रिकाम्या मैदानांत, झाडांच्या रांगांमधून तो एकटा चेंडू मारीत जाई आणि आपल्याच खेळाचें वर्णन स्वतःशीं मोठ्यानें बोलत राही. ऐकावयास कोणी नसल्यामुळें हंसावयासहि कोणी नव्हतें.

१९५६ सालच्या ‘सिटी’ स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत हा वेंचुरी आणि हार्वी वॉर्ड हे समोरासमोर आले. वॉर्ड हा त्यावेळीं साऱ्या अमेरिकेंतील हौशी खेळाडूंचा विजेता होता. गंमत अशी कीं दोघेहि एडी लॉवरी नांवाच्या एकाच मोटारविक्या व्यापाऱ्याच्या पदरीं नोकरीस होते. हा लॉवरी १९१३ सालीं दहा वर्षांचा असतांना फ्रान्सिस विमेट या तरुणाच्या काठ्या वाहत होता, आणि त्या विमेटनें इंग्लंडच्या दोन महारथींना हरवून अमेरिकेंत या खेळाचें वेड लाविलें होतें. एका नगरपालिकेच्या मैदानावरील दोन हौशी माणसांचा तो सामना पाहण्यास सुमारें दहा हजार लोक लोटले. कोणालाहि एक डॉलरचें बक्षीस मिळावयाचें नव्हतें. चार खांचा खेळावयाच्या शिल्लक असतांनाच वेंचुरी पांच खांचांनीं पुढें गेला आणि सामना संपला.

पुढें वेंचुरी व्यावसायिक झाला, नांवलौकिक मिळविला, मोटार अपघातानंतर खालावला, आणि १९६४ सालीं वॉशिंग्टनजवळ भयंकर उष्म्यांत, डॉक्टर बरोबर घेऊन एका दिवसांत छत्तीस खांचा खेळून, त्यानें अमेरिकेचें खुलें अजिंक्यपद जिंकलें. लवकरच हातांच्या विकारानें बोटें बधिर झालीं, शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतर १९६६ मध्यें हार्डिंग पार्कमध्यें भरलेली व्यावसायिकांची स्पर्धा त्यानें जिंकली. व्यावसायिक म्हणून मिळविलेला तो त्याचा शेवटचा विजय. आणि तो मिळाला जेथें त्यानें काठी धरावयास शिकली त्याच झाडांमध्यें. खेळ सुटल्यावर त्याच तोतऱ्या पोरानें दूरचित्रवाणीवर पस्तीस वर्षें गॉल्फच्या सामन्यांचें धावतें वर्णन केलें. २०१३ सालीं तो वारला. एका नगरानें आपल्या एका दुबळ्या मुलास संध्याकाळचें रिकामें मैदान दिलें, त्याचें हें व्याज होय.

परंतु ‘सर्वांचें’ हा शब्द उच्चारावयास सोपा आणि आचरावयास कठीण आहे. व्यावसायिक खेळाडूंच्या अमेरिकन संघाच्या घटनेंत सभासद गोरा असावा असें कलम होतें. १९४८ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उपसागरापलीकडे रिचमंड येथें भरलेल्या स्पर्धेंत बिल स्पिलर व टेड ऱ्होड्स यांच्यासारख्या काळ्या खेळाडूंना, पात्रता मिळवूनहि, परत पाठविण्यांत आलें. त्यांनीं न्यायालयाचें दार ठोठावलें. पुढें कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅनली मॉस्क यांनीं हा भेद आपल्या राज्यांतील सार्वजनिक मैदानांवर चालूं देणार नाहीं असा आग्रह धरला, आणि १९६१ च्या नोव्हेंबरांत तें कलम काढून टाकण्यांत आलें. दक्षिणेकडील शहरांत तर नगराच्या मैदानांतहि काळ्या नागरिकांस मज्जाव असे. अटलांटा शहराविरुद्ध होम्स कुटुंबानें लढविलेल्या खटल्यांत १९५५ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो बेकायदा ठरविला. सार्वजनिक विहिरी आणि तळीं यांचा झगडा ज्यांनीं आपल्या देशांत पाहिला, त्यांना या गोष्टीचें मर्म समजावून द्यावयास नको.

बाहेरच्यांना दार उघडण्याचा प्रश्न सुटतो न सुटतो तोंच घरच्या अनास्थेचा प्रश्न उभा राहिला. १९७८ सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं घरजमिनीवरील करास कायद्यानें मर्यादा घातली. नगरसभांच्या उत्पन्नास कात्री लागली, आणि कात्री लागली म्हणजे पहिला घाव बागांवर व क्रीडांगणांवर पडतो. माळी कमी झाले, गवत जागोजाग उडालें, तण माजलें. आपल्याकडे म्हण आहे : बारभाईंची खेती, काय लागेल हाती! मैदान सर्वांचें, म्हणून त्याच्या दुर्दशेचें दुःखहि थोडथोडें सर्वांचें. पुरतें कोणाचेंच नव्हे.

या दुर्दशेचा कळस १९९८ च्या जूनमध्यें झाला. पलीकडच्या ऑलिंपिक क्लबांत अमेरिकेची खुली स्पर्धा भरली होती. तेथें अखेरच्या दिवशीं ली जँझेन या खेळाडूचा चेंडू पांचव्या खांचेपाशीं एका सायप्रसच्या फांद्यांत अडकला. चेंडू गेला असें समजून तो हताश होऊन परत फिरला, इतक्यांत वाऱ्यानें चेंडू खालीं पडला. आणि शेवटीं एका टोल्याच्या फरकानें तोच विजयी ठरला. एका झाडानें सोडलेल्या त्या चेंडूची गोष्ट जगभर झाली. त्याच वेळीं सरोवराच्या अलीकडे, त्याच आखणीकारांनीं घातलेल्या हार्डिंग पार्कच्या हिरव्या वाटांवर, त्याच जातीच्या झाडांखालीं, प्रेक्षकांच्या मोटारी उभ्या होत्या. नागरिकांचें मैदान हें श्रीमंतांच्या उत्सवाचा मोटारतळ बनलें होतें.

या दृश्यानें ज्याच्या मनाला टोंचणी लावली तो सँडी टेटम हा त्याच शहरांतील वकील. १९२० सालीं जन्मलेला, ऑक्सफर्डला शिकून आलेला, अमेरिकेच्या गॉल्फ संघाचें अध्यक्षपद भूषविलेला. उत्तमोत्तम खासगी क्लबांचीं दारें त्याला उघडीं होतीं. तरीहि ‘सिटी’ स्पर्धेंत तो वर्षानुवर्षें खेळत आला होता, आणि हार्डिंग पार्कवर त्याचा जीव होता. ऐंशीच्या घरांत आलेला हा मनुष्य नगरसभेच्या पायऱ्या झिजवूं लागला. मोठ्या स्पर्धा येथें आणाव्या, त्यांच्या मिळकतींतून मैदान सांभाळावें, आणि शहरवासीयांना मात्र स्वस्त दरानें खेळूं द्यावें, ही त्याची योजना.

विरोध झाला, आणि तो अनाठायी नव्हता. नेहमीं खेळणारे म्हणत, मैदान सुधारलें कीं दर वाढतील, आणि ज्यांच्यासाठीं तें सुधारलें तेच फाटकाबाहेर राहतील. सार्वजनिक पैसा गॉल्फवर कां खर्चावा, मुलांच्या क्रीडांगणांवर कां नको, असाहि प्रश्न आला. वादविवादांनंतर २००२ मध्यें काम सुरू झालें, सुमारें १ कोटी ६० लाख डॉलर खर्च झाले, आणि २००३ सालीं मैदान पुन्हा खुलें झालें. दर वाढले हें खरें. पण शहरवासीयांसाठीं निराळा, कमी दर कायम राहिला. मैदानाच्या पोटांत नऊ खांचांचें एक लहान मैदान आहे. नगराच्या नोकरींत आयुष्य घालविलेल्या जॅक फ्लेमिंग या आयरिश मनुष्याचें नांव त्याला आहे. तेथें मुलांना खेळ शिकविण्याची सोय करण्यांत आली.

मग जग या मैदानाकडे येऊं लागलें. २००५ सालीं टायगर वुड्सनें जॉन डेलीला येथें बरोबरींनंतरच्या जादा खेळांत हरविलें. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या कलमानें त्याच्या वर्णाच्या माणसास संघाबाहेर ठेविलें असतें, त्याची आठवण तरुण प्रेक्षकांपैकीं फार थोड्यांना असेल. २००९ मध्यें प्रेसिडेंट्स कप झाला. २०२० च्या ऑगस्टमध्यें व्यावसायिकांची सर्वश्रेष्ठ स्पर्धांपैकीं एक येथें भरली. परंतु कोरोनाच्या साथीमुळें प्रेक्षकांना बंदी होती. लोकांच्या मैदानाचा सर्वांत मोठा दिवस लोकांवांचून गेला. जिंकला तो तेवीस वर्षांचा कॉलिन मोरिकावा. उपसागरापलीकडच्या बर्कले विद्यापीठांतून वर्षापूर्वींच बाहेर पडलेला हा तरुण विद्यार्थिदशेंत या मैदानावर खेळून गेला होता. सोळाव्या खांचेपाशीं त्यानें एकाच टोल्यांत चेंडू थेट खांचेजवळ नेला, तेव्हां टाळी वाजविण्यास कोणी नव्हतें.

हार्डिंग पार्कला आतां शंभर वर्षें होऊन गेलीं. जुनीं सायप्रसचीं झाडें म्हातारीं झालीं आहेत. वादळांत एखादें उन्मळतें, त्या ठिकाणीं नवें लावावें लागतें. लावणारा माळी त्याच्या सावलींत बसणार नाहीं, हें त्याला ठाऊक असतें. सार्वजनिक वास्तूचेंहि असेंच आहे. ती एकदां बांधून दिली म्हणजे संपलें, असें नसतें. प्रत्येक पिढीला ती नव्यानें आपली म्हणावी लागते, नाहींतर तेथें ससे तरी बिळें करतात किंवा मोटारी तरी उभ्या राहतात. अजूनहि त्या मैदानावर पहांटे धुक्यांत चार अनोळखी माणसें एकत्र येतात, नांवें सांगतात, आणि झाडांच्या रांगांमधून एकामागून एक चेंडू मारून चालूं लागतात. त्यांच्यांतला कोण वकील आणि कोण वाहनचालक, हें धुक्यांत दिसत नाहीं.